आईच्या हातावरचे गोंदण मुलीला हवे आहे, आणि माझे मन तयार होत नाही

तुळसमंजिरी

नमस्कार. मी सल्ला मागते आहे की नुसते मन मोकळे करते आहे, हे मलाही नीटसे ठरवता आलेले नाही, तरी लिहिते.

माझे माहेर माण तालुक्यातले. माझी आई गेल्या वर्षी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेली. तिच्या उजव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधल्या आतल्या भागावर, तुळशीवृंदावन गोंदलेले होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टिंबांची एकेक ओळ होती. कपाळावर कुंकवाच्या जागेखाली एक टिंब आणि हनुवटीवर तीन. माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, आणि तिने आजीचे ते वृंदावन तसेच्या तसे आपल्या हातावर काढून घ्यायचे ठरवले आहे. आजी झोपलेली असताना तिने हाताचे छायाचित्र काढून ठेवले होते. ते तिने टॅटू काढणाऱ्याला दाखवले, आगाऊ पैसे दिले, आणि पुढच्या महिन्यातला एक शनिवारही ठरवून टाकला.

मी विरोध केला, तेव्हा तिने कारण विचारले आणि मला एकही धड कारण देता आले नाही. धर्माचे म्हणावे, तर तुळसच आहे. नोकरीचे म्हणावे, तर तिच्या कार्यालयातल्या कित्येकांच्या हातांवर काही ना काही काढलेले आहे. लोक काय म्हणतील, असे म्हणायला गेले तर ती हसते. खरे कारण निराळे आहे आणि ते मी तिला अजून सांगितलेले नाही.

आईचे गोंदण झाले तेव्हा ती आठ वर्षांची होती. दारावर गोंदणारी बाई आली, आजीने तिला सुपात ज्वारी आणि एक जुने लुगडे देऊन ओसरीवर बसवले, आणि दोघी चुलत्यांनी मिळून आईला धरून ठेवले. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन सुया, दिव्यावर धरलेली काजळी, कसल्याशा पाल्याचा रस आणि वरून हळद. आई सांगायची की ती बाई सुई टोचताना गाणे म्हणत होती, आणि ते गाणे आपले रडणे शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आहे, असे तिला तेव्हा वाटले होते. हात चार दिवस सुजून राहिला. हे कशासाठी, याची दोनच कारणे तिला कळली: न गोंदलेल्या सुनेच्या हातचे पाणी सासरी चालत नाही, आणि माणूस मेल्यावर अंगावरचे सोने उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते.

पुढे वडिलांना पुण्यात नोकरी लागली. आमच्या वाड्यात हातावर आणि हनुवटीवर गोंदण असलेली आई एकटीच. तिने कोपराच्या खाली येणाऱ्या बाह्यांचे पोलके शिवायला सुरुवात केली, ते ऐन वैशाखातही. बोलताना तिचा पदर हनुवटीपर्यंत यायचा. आणि मी सातवीत असताना, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी, तिला म्हणाले होते की आलीस तर हात झाकून ये. ती आलीच नाही. त्यावर आम्ही दोघी पुढे कधीही बोललो नाही, आणि आता बोलायला ती नाही.

जी खूण करताना माझ्या आईला धरून ठेवावे लागले, जी मी तिला लपवायला लावली, ती माझी मुलगी पैसे मोजून, हौसेने, अंगावर घेणार आहे. तिला त्यात आजी दिसते. मला त्यात ओसरीवर रडणारी आठ वर्षांची मुलगी दिसते, आणि तिच्या शेजारी सातवीतली मी. ज्यांनी अंगावर काही गोंदवून घेतले आहे त्यांनी ते का घेतले, आणि वर्षे गेल्यावर त्याविषयी काय वाटते, हे जाणून घ्यायला आवडेल. ज्यांच्या घरात आजीचे असे गोंदण होते, त्यांनीही लिहावे.

---

करडी_मांजर

ताई, दोन टॅटू आणि सात लेसर एवढ्या अनुभवाच्या बळावर लिहितो.

पहिला टॅटू एकविसाव्या वर्षी, गोव्याला गेलो असताना. मनगटावर एका मुलीचे नाव आणि त्याभोवती हिरवी पाने. का काढला, असे विचाराल तर प्रामाणिक उत्तर असे आहे की पुढचे तिघे मित्र खुर्चीवर बसून उठले होते आणि माझी पाळी आली होती. नावाचे कारण मी नंतर, परतीच्या बसमध्ये, जुळवले. दोन वर्षांनी ती मुलगी दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या घरी गेली, आणि लग्न ठरल्यावर मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

लेसरने टॅटू पुसला जातो हा समज घेऊन कोणी जाणार असेल तर थांबावे. लेसरचा झोत कातडीतल्या शाईचे बारीक तुकडे करतो, आणि ते तुकडे वाहून नेण्याचे काम आपल्या शरीरातल्या पेशींना करावे लागते; म्हणून दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात. माझे वर्ष सरले. पैसे मूळ टॅटूच्या कितीतरी पट गेले. दर वेळी जाड रबर कातडीवर तोडून मारावे तसे वाटायचे. शिवाय काळी शाई जशी जाते तशी हिरवी जात नाही, कारण वेगवेगळे रंग लेसरच्या वेगवेगळ्या तरंगलांबी शोषून घेतात. परिणामी नाव गेले आणि पाने राहिली. बायको म्हणते, झाडाला फूल नाही पण पालवी बरी आहे.

एवढे होऊनही अडतिसाव्या वर्षी मी दुसरा टॅटू काढला. वडिलांच्या बँकेच्या पासबुकावरची त्यांची मोडीसारखी वेडीवाकडी सही, दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे ती मला आरशाशिवाय दिसत नाही. हा का काढला, तेही मला चारचौघांत सांगता येत नाही. एवढेच सांगतो, की पहिल्याच्या वेळी मी कारण शोधत होतो आणि दुसऱ्याच्या वेळी कोणी कारण विचारलेले मला आवडत नव्हते. तुमच्या मुलीला विचारून पाहा. ती लगेच भरभरून सांगू लागली तर थोडे थांबायला सांगा. अडखळली तर काढू द्या. (हा शास्त्रीय निकष नाही.)

---

सुई_आणि_शाई

मी कोल्हापुरात अकरा वर्षे हे काम करते आहे, त्यामुळे ‘लोक का काढतात’ याचे उत्तर माझ्या खुर्चीवरून जसे दिसते तसे देते.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जोडप्यांची नावे, त्यानंतर लगेच शिवजयंतीसाठी राजमुद्रा, आषाढीच्या आधी विठ्ठल, आणि बारमाही ‘आई’. पोर झाल्यावर त्याचे पाऊल. भाजल्याचा किंवा शस्त्रक्रियेचा व्रण झाकायला येणाऱ्या बायका बहुधा एकट्या येतात आणि काम पूर्ण झाल्यावर बराच वेळ आरशासमोरून हलत नाहीत. आणि माणूस गेल्यानंतरची गर्दी तर मोठीच असते. तेरावा होतो न होतो तोच मुले वडिलांचे छायाचित्र घेऊन येतात. अशा वेळी मी नियमाने परत पाठवते आणि वर्षश्राद्धानंतर यायला सांगते. काही चिडतात, निम्मे परत येत नाहीत, आणि जे येतात ते बहुधा चेहऱ्याऐवजी काहीतरी बारीक मागतात, एखादे अक्षर, चष्मा, विडीचे बंडल. तुमच्या मुलीने वर्ष जाऊ दिले आहे आणि चेहरा मागितलेला नाही, हे मला माझ्या कामाच्या दृष्टीने चांगले लक्षण वाटते.

आता गोंदणाविषयी. हल्ली आजीचे गोंदण काढून द्या म्हणून येणाऱ्या मुली वाढल्या आहेत, आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. जुने गोंदण हाताने, सुयांच्या जुडीने, टिंबाला टिंब लावून केलेले असते आणि त्याची खोली सारखी नसते. त्यात वापरलेला रंग म्हणजे काजळी, म्हणजे मूळचा काळाच. तो हिरवट-निळा दिसतो तो कातडीखालून प्रकाश विखुरला जाऊन वर येतो म्हणून. साठ-सत्तर वर्षांत ती काजळी थोडी थोडी आजूबाजूला सरकते, कातडी सैल होते, आणि मूळची रेघ तांदळाएवढी असेल तर ती चवळीएवढी होते. तेव्हा पहिला प्रश्न असा येतो की नेमके काय काढायचे? आठ वर्षांच्या मुलीच्या हातावर त्या दिवशी जे उमटले ते, की नातीने पाहिले ते? बहुतेक कलाकार छायाचित्रावरून रेघा सरळ करून, टिंबे मोजूनमापून, सुबक स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवायचा छाप, बनवतात. ते दिसायला छान असते, पण मग ते छापील वृंदावन होते.

माझी एक विनंती आहे. ते छायाचित्र मोठे करून टिंबांची ओळ नीट पाहा. लहान वयात केलेल्या गोंदणात हटकून एखादे टिंब ओळ सोडून गेलेले असते, कारण मूल हात ओढते. ते टिंब ठेवायचे की ओळीत आणायचे, हे मुलीने ठरवावे, कलाकाराने नव्हे. आणि ते स्टेन्सिल हातावर लावण्याआधी ठरवावे.

बाकी काळजीचे सांगते. सुई तिच्यासमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई छोट्या टोपणात वेगळी घेतली पाहिजे आणि उरलेली टाकून दिली पाहिजे. कावीळ ब आणि क हे दोन्ही आजार दूषित सुईतून पसरतात. जत्रेत एकाच यंत्राने पन्नास हात गोंदत असत त्या काळी याची कोणाला फिकीर नव्हती. वरची खपली निघायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पोहणे आणि ऊन टाळावे. आपल्याकडच्या रक्तपेढ्या टॅटूनंतर साधारण वर्षभर रक्त घेत नाहीत, तेव्हा ती नियमित रक्तदान करत असेल तर हेही लक्षात ठेवावे.

---

स्पष्ट_बोलणारा

मला हे सगळे पटत नाही. आठवण मनात असते, तिला कातडीची गरज नाही. माझ्या आजीच्याही हातावर गोंदण होते आणि ती म्हणायची की आमच्या वेळी विचारायची सोय नव्हती. ज्या गोष्टीतून आपल्या आया-आज्यांची सुटका झाली, ती परत हौस म्हणून अंगावर घ्यायची, आणि त्याला परंपरेचे जतन म्हणायचे, यात मला विसंगती दिसते. उद्या कोणी आजीची आठवण म्हणून नऊवारी नेसून चुलीचा धूर डोळ्यांत घालून घेईल काय? ज्याला काढायचा त्याने काढावा, पण दहा वर्षांनी कंटाळा येईल तेव्हा वर ज्यांनी लिहिले आहे त्यांच्यासारखी लेसरची बिले भरावी लागतील.

---

तुळसमंजिरी

आपले म्हणणे मला लागले, कारण माझ्या मनातले अर्धे तेच आहे. परंतु माझ्या आईची त्यातून सुटका झाली, असे मला म्हणवत नाही. तिची गोंदणातून सुटका झाली नाही, उलट ते लपवण्याचे काम वर पडले, आणि ते काम तिला गावाने दिले नव्हते, आम्ही दिले होते.

---

दुपारचे_ऊन

मी हा प्रतिसाद दोनदा लिहून खोडला आहे.

माझ्या अंगावर तीन टिंबे आहेत. एक छातीच्या मध्यावर आणि दोन बरगड्यांच्या दोन बाजूंना, टाचणीच्या डोक्याएवढी. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर किरणोपचार घ्यायचे होते. रोज त्याच जागी, त्याच कोनातून किरण पडले पाहिजेत, म्हणून पहिल्या दिवशी सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपवून ही टिंबे गोंदतात. मग रोज खोलीतल्या लेसरच्या रेषा या टिंबांवर जुळवून शरीर सरळ करून घेतात आणि सगळे बाहेर निघून जातात. सगळीकडे गोंदतातच असे नाही, काही ठिकाणी नुसत्या शाईच्या खुणा करून भागवतात. माझे आठवड्यातून पाच दिवस, असे तीन आठवडे चालले.

मला कोणी विचारले नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. संमतीच्या कागदावर माझी सही आहे. पण त्या काळात मी इतक्या कागदांवर सह्या करत होते की टिंबे कायमची असणार, हे मला सुई टोचत असताना कळले. टोचणारी मुलगी वयाने लहान होती, आणि टोचताना ती मला माझ्या गावाचे नाव, मुले किती, स्वयंपाकात काय आवडते असे काहीबाही विचारत होती. ताई, तुमच्या आईच्या गोष्टीतले गाणे वाचले तेव्हा मला ती मुलगी आठवली. रडणे शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून ते गाणे नसावे, असे मला आपले वाटते. सुई धरणाऱ्या बाईलाही कशाचा तरी आधार लागत असेल.

उपचार संपल्यानंतर पहिली दोन वर्षे मी ती टिंबे पाहत नसे. अंघोळ करताना डोळे वर. लेसरने काढता येतील, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि मी तारीखही घेतली होती. त्या दिवशी पाऊस फार होता म्हणून गेले नाही, नंतर घेऊ म्हटले, आणि मग घेतलीच नाही. यामागे काही मोठा विचार नाही. आता मधल्या टिंबावर कधीकधी बोट टेकते, देवघरापुढून जाताना हात आपोआप जोडला जावा तसे. टिंब तेच आहे, मी निर्णय केलेला नाही, आणि तरी ते पहिल्या दिवशी जितके परके होते तितके आता नाही. म्हणून मला तुम्हाला एक विचारायचे आहे, ते आगाऊ वाटले तर क्षमा करा: तुमच्या आईला ते गोंदण शेवटपर्यंत तसेच वाटत होते का, जसे ते आठव्या वर्षी वाटले?

---

खडू_फळा

वरच्या प्रतिसादानंतर लिहिणे अवघड आहे, तरी इतिहासाचा शिक्षक म्हणून दोन गोष्टी नोंदवतो, कारण दोन्हींचा संबंध ‘कोणी ठरवले’ या मुद्द्याशी आहे.

१९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फात गाडलेला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा एक मनुष्यदेह सापडला. त्याच्या अंगावर ६१ गोंदलेल्या खुणा आहेत, सगळ्या साध्या रेघा आणि फुल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कंबर, गुडघा, घोटा अशा ठिकाणी आहेत, जिथे त्याचे सांधे झिजलेले होते. त्यामुळे त्या दुखण्यावरच्या उपायाच्या खुणा असाव्यात, असे अनेक संशोधक मानतात. आपल्याकडेही दुखऱ्या सांध्यावर गोंदवून घेण्याची चाल होतीच. म्हणजे उपचारासाठी टिंब गोंदणे ही किरणोपचार विभागाची नवी युक्ती नव्हे.

दुसरी गोष्ट कडू आहे. कंपनी सरकारच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत असत, आणि त्या शिक्षेला आपल्याच भाषांतला ‘गोदना’ हा शब्द वापरत. ही पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. ज्या कपाळावर आईने मायेने टिंब द्यायचे, त्याच कपाळावर सरकार सुईने शिक्षा लिहीत होते. गोंदण चांगले की वाईट, हा प्रश्न म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही. सुई कोणाच्या हातात होती आणि दुसरा हात सोडवून घेण्याची मोकळीक होती का, हे विचारावे लागते.

---

निवृत्त_सुभेदार

सर्वांना नमस्कार. ताईंच्या मुलीला या माहितीचा उपयोग नाही, पण हा धागा वाचणाऱ्या मुलांना होईल. मी गावाकडे भरतीची तयारी करणाऱ्या मुलांची पहाटेची धाव घेतो. दरवर्षी एखादा तरी मुलगा धावण्यात पहिला येतो आणि वैद्यकीय तपासणीत दंडावरच्या किंवा मानेवरच्या टॅटूमुळे परत येतो. दंडावर महाराजांचे चित्र असते. भावना उत्तम, जागा चुकीची. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला असलेला टॅटू चालतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी कडक आहे: आतली बाजू चालते ती फक्त डाव्या हाताची, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो, किंवा मग तळहाताची मागची बाजू, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. जाहिरातीतली अट दरवेळी स्वतः वाचावी.

हे नियम वाचताना मला एक गंमत वाटत आली आहे. ज्या जागेला सैन्य परवानगी देते, ती नेमकी आपल्या आया-आज्यांच्या गोंदणाची जागा आहे. आदिवासी जमातींतल्या उमेदवारांना तर रूढीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदण असेल तरी त्यांचा विचार केला जातो. माझ्या तुकडीत असे एक जण होते. त्यांच्या कपाळावरच्या गोंदणाबद्दल नवी पोरे कुजबुजायची, पण गस्तीवर त्यांच्या मागोमाग चालायला सगळ्यांची धडपड असायची.

---

तुळसमंजिरी

सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार कसे मानावेत कळत नाही. मध्ये आठ दिवस गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

‘दुपारचे ऊन’ यांनी विचारलेला प्रश्न आगाऊ नव्हता; तो मी स्वतःला विचारायला हवा होता. त्यावर विचार करताना एक प्रसंग आठवला, जो मी आजवर कुठे ठेवून दिला होता कोण जाणे. शेवटच्या आजारपणात आईला सलाईन लावायला परिचारिका शिरा शोधत होत्या. डाव्या हाताची शीर सापडेना, म्हणून त्यांनी उजवा हात घेतला आणि मनगटाच्या वर कापूस फिरवला. आई तोवर अर्धवट ग्लानीत होती, ती एकदम म्हणाली, “तिथं नको, तुळशीला टोचू नका.” परिचारिका हसल्या आणि त्यांनी पुन्हा डावा हात घेतला. मी तिथेच उभी होते. ज्या हाताला मी झाकून ये म्हटले होते, तो हात ती तेव्हा पोटाशी धरून होती.

रविवारी मुलगी घरी आली, तेव्हा मी तिला सगळे सांगितले. ओसरी, दोघी चुलत्या, गाणे, लांब बाह्यांचे पोलके. स्नेहसंमेलनाचे सांगताना मला मध्येच उठून गॅस बंद करायला जावे लागले, जो चालूच नव्हता. तिने काहीच विचारले नाही. माझी समजूतही घातली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. थोड्या वेळाने तिने भ्रमणध्वनीवर ते छायाचित्र उघडले आणि ‘सुई आणि शाई’ यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही ते मोठे करून पाहिले.

डावीकडच्या ओळीत अकरा टिंबे आहेत. उजवीकडे दहा ओळीत आहेत, आणि अकरावे ओळ सोडून बोटभर बाहेर, मनगटाच्या दिशेने, थोडे लांबट झालेले. इतकी वर्षे ते मला तीळ वाटत होते.

मुलीने तारीख पुढे ढकलली आहे, पण रद्द केलेली नाही. त्या दिवशी मी बरोबर यावे, अशी तिची इच्छा आहे. मी येईन म्हणाले आहे. बाहेर गेलेले टिंब ती ठेवणार आहे. आता तुम्हा जाणकारांना एवढेच विचारायचे आहे, की ते लांबट झालेले टिंब तसेच लांबट काढता येते, की हाताने टोचून घेतले तरच जमते? आणि यंत्राऐवजी हाताने टोचून काम करणारे कोणी पुण्याच्या आसपास असतील, तर कृपया निरोपातून कळवावे.